‘द बिग यू’ वाचावी का? वाचा, पण इमारतीवर लक्ष ठेवून

प्रश्न: नील स्टीफन्सन माझा आवडता विज्ञानकथा लेखक. ‘स्नो क्रॅश’, ‘क्रिप्टोनॉमिकॉन’, ‘अ‍ॅनाथेम’ वाचून झाल्या. त्याची पहिली कादंबरी ‘द बिग यू’ कॉलेजजीवनावरचा उपहास आहे आणि खुद्द लेखकालाच ती आवडत नाही, असं कळलं. वाचण्यात अर्थ आहे का? मी गुहागरला राहतो, कोणती आवृत्ती घेऊ? आणि भाचा यंदा लोणेऱ्याला इंजिनीअरिंगला जातोय, त्याला भेट द्यावी का?

उत्तर:

वाचा. ‘लेखकालाच ती आवडत नाही’ हे वाक्य आमच्या रत्नागिरीच्या वाचनगटात इतक्यांदा फेकलं गेलंय की तुमच्या प्रश्नात ते पुन्हा दिसल्यावर गप्प बसवलं नाही.

आधी लेखक नेमकं काय म्हणतो ते बघू. एका तरुण माणसाने फार वर्षांपूर्वी घाईघाईत लिहिलेली पहिली कादंबरी, असं तो तिचं वर्णन करतो. ती टाकाऊ आहे असं यात कुठेही नाही. १९८४ साली ‘व्हिंटेज’ने ती पेपरबॅकमध्ये काढली, फारशी खपली नाही, छपाई थांबली. १९९२ साली ‘स्नो क्रॅश’ आली, १९९९ साली ‘क्रिप्टोनॉमिकॉन’, आणि नव्या वाचकांनी जुन्या प्रती शोधायला घेतल्या. त्यांच्या किमती भलत्याच चढल्या. तेव्हा २००१ साली त्याने पुनर्मुद्रणाला होकार दिला. कारण असं दिलं की लोकांनी हे पुस्तक वाचण्याहून वाईट गोष्ट एकच, ती म्हणजे त्यासाठी त्यांनी एवढे पैसे मोजणं. पहिल्या लेखनाबद्दल संकोच वाटणारा माणूस असंच बोलणार. लेखक आपलं पहिलं पुस्तक स्वतःच्याच पाचव्या पुस्तकाशेजारी ठेवून मोजतो. वाचकावर ती सक्ती नाही.

ज्या गावात १८२८ सालापासून वाचनालय आहे तिथे पुस्तकांवरून वाद होणारच. आमच्या गटात एक निवृत्त प्राध्यापक आहेत. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं, इंग्रजी वाचनही दांडगं. सरांबद्दल मला आदर आहे आणि या पुस्तकाबद्दल त्यांचं मत मला मुळीच मान्य नाही. त्यांचे मुद्दे दोन. पहिला, लेखकाने ज्यातून अंग काढून घेतलं ते वाचण्यात वेळ घालवू नये. दुसरा जास्त वजनदार आहे: पूर्वार्ध विद्यापीठावरचा खुसखुशीत उपहास आणि उत्तरार्धात एकदम बंदुका, अजस्र उंदीर, किरणोत्सर्गी कचरा आणि यादवी. म्हणजे लेखकाच्या हातून कादंबरी निसटली.

पहिल्या मुद्द्यावर मी ‘कोसला’ पुढे करतो. ती १९६३ साली आली तेव्हा नेमाडे २५ वर्षांचे होते आणि ती त्यांची पहिलीच कादंबरी. तिच्यातला बेबंदपणा सर वर्गात सामर्थ्य म्हणून शिकवत आले. ‘द बिग यू’ आली तेव्हा स्टीफन्सन २४ वर्षांचा होता. एकाचं तारुण्य सामर्थ्य आणि दुसऱ्याचं कच्चेपण, हा निवाडा पुस्तक न उघडता करता येणार नाही. ती ‘कोसला’च्या तोडीची आहे असं मी म्हणत नाही, तेवढी ती नाहीच. पण दोन्ही वाचलेल्या माणसाला एक महत्त्वाचा फरक दिसतो. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला येतो, आणि कॉलेज, होस्टेल, मेस हे सगळं त्याच्या मनाच्या पाठीमागे उभं असतं. स्टीफन्सनने हे उलटं केलंय. कुणाचंच मन तितकं खोल उतरून दाखवलेलं नाही, कारण कादंबरीचा विषय संस्था आहे. त्याहून नेमकं सांगायचं तर इमारत. इथे पांडुरंग शोधायला जाल तर पन्नासाव्या पानावर पुस्तक मिटवाल, आणि बहुतेक लोक तिथेच मिटवतात.

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर याच इमारतीत आहे.

अमेरिकन मेगाव्हर्सिटी नावाचं हे विद्यापीठ एकाच अवाढव्य बांधकामात सामावलेलं आहे. त्याला सगळे ‘प्लेक्स’ म्हणतात. खाली पाया, त्यात वर्ग, कॅफेटेरिया, संगणक केंद्र. वर आठ मनोरे, त्यात मुलांची वसतिगृहं. पायाच्याही खाली गटारं आणि बोगदे. विद्यार्थ्याला महिनोन्महिने बाहेर पडायची गरज नाही. स्टीफन्सन स्वतः बॉस्टन विद्यापीठात शिकला, १९८१ साली भूगोलाची पदवी घेतली, जोडीला भौतिकशास्त्र. भूगोलाचा हा विद्यार्थी इमारतीकडे एखाद्या प्रदेशासारखं बघतो: पाणी कुठून येतं, घाण कुठे जाते, वीज कोण रोखू शकतं, कोणत्या मजल्यावर कुणाचं राज्य आहे. निवेदक बड हाही सुदूर संवेदन शिकवणारा नवखा अध्यापक आहे. लांबून, वरून बघून जमिनीवरचं ओळखणं हाच त्याचा धंदा. ही निवड सहज केलेली नाही.

कादंबरीचं पहिलंच वाक्य पंख्यावर आहे. जॉन वेस्ली फेनरिक नावाच्या मुलाचा पंखा, स्टीरिओ गार ठेवायला लावलेला, हादरत हादरत जमिनीवर सरकत जातो. त्याचा खोलीतला जोडीदार एफ्राइम क्लाइन बाखच्या ऑर्गनसंगीताने झपाटलेला. दोघांत आवाजाची लढाई जुंपते. पहिल्या वाचनात हा होस्टेलचा नेहमीचा विनोद वाटतो. पण लेखकाने पहिल्याच पानावर तीन गोष्टी मांडून ठेवल्यात: आवाज भिंतीतून जातो, यंत्र तापतं, आणि यंत्राच्या तालबद्ध आवाजात माणसाला काहीही ऐकू येऊ शकतं. पुढे हा पंखा काय होतो ते तुम्हीच वाचा. एका मजल्यावरच्या मुलांच्या खिडकीसमोर पेट्रोल कंपनीची मोठी निऑनची पाटी आहे, तिचंही तसंच. हे हवेतून आलेलं नाही. ज्यूलियन जेन्स या मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली मांडणी केली होती की प्राचीन माणसाच्या मेंदूचा एक भाग हुकूम देई आणि दुसऱ्या भागाला ते देवाचे बोल म्हणून ऐकू येत. स्टीफन्सनने ती कल्पना होस्टेलच्या मजल्यावर आणून ठेवली. तुम्ही ‘स्नो क्रॅश’मधली सुमेरची प्रकरणं वाचलीत ना? तिथे जे पिकलं त्याची पेरणी इथली आहे.

भौतिकशास्त्राचा विद्यार्थी कॅसिमिर रेडॉन विद्युतचुंबकीय बळाने वस्तू फेकणारं यंत्र बांधतो. पूर्वार्धात तो अभ्यासाचा प्रकल्प असतो. संगणकाचा जाणकार विद्यार्थी व्हर्जिल विद्यापीठाच्या संगणकात कुणीतरी सोडलेल्या ‘वर्म’शी, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या उपद्रवी प्रोग्रामशी, झुंजत असतो. पूर्वार्धात ती तांत्रिक कटकट असते. फ्रेड फाइनची टोळी बोगद्यांत भूमिका घेऊन खेळ खेळत असते. पूर्वार्धात तो रिकामटेकडेपणा असतो. सफाई कामगार क्रोटोबाल्टिस्लाव्होनिया नावाच्या कल्पित देशातून आलेले असतात, त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. उत्तरार्धात यातला प्रत्येक भाग कामाला लागतो, आणि नवीन जवळजवळ काहीच येत नाही. सर ज्याला ताबा सुटणं म्हणतात ती पूर्वार्धात जोडून ठेवलेल्या यंत्रणेला कळ दाबल्यावर होणारी हालचाल आहे. वेग जास्त झालाय हे मान्य. काही माणसं त्या धावपळीत नुसती नावापुरती उरतात, हेही मान्य. पण बेबंद ती नाही.

सरांना हे पटत नाही, कारण ते उपहास म्हणजे वृत्तींवरची टीका समजतात. अध्यक्ष सेप्टिमिअस सेव्हेरस क्रप हे पात्र त्यांना फसलेलं वाटतं, कारण तो मूर्ख नाही. उलट पुस्तकातल्या वादविवादांत तो भल्याभल्यांना गप्प करतो. माझ्या मते लेखकाची सर्वांत शहाणी निवड हीच आहे. माथ्यावर मूर्ख बसवला असता तर दोष माणसावर ढकलून मोकळं होता आलं असतं. हुशार माणूस माथ्यावर असूनही ही इमारत बिघडते, तेव्हा इमारतीचा आराखडाच तपासावा लागतो.

आता कसं वाचायचं ते.

एक मोठा कागद घ्या आणि आडव्या दोन रेघा मारा. सर्वांत खाली गटारं व बोगदे, मध्ये पाया, वर आठ मनोरे. प्रत्येक नाव पहिल्यांदा आलं की ते माणूस राहतं किंवा वावरतं त्या थरात लिहा. मजल्यांची नावं ‘ई १३ एस’ अशी येतात: मनोरा, मजला, बाजू. ती खोलीच्या नंबरासारखी डोळ्याआड करू नका. एअरहेड्स म्हणवणाऱ्या मुली आणि टेररिस्ट म्हणवणारी मुलं एकमेकांच्या किती जवळ राहतात यावर विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष सारा जॉन्सन हिचं अख्खं कथानक उभं आहे. साठ-सत्तर पानांत कागद भरतो. मग नवी नावं येणं कमी होतं आणि वाचन पळू लागतं.

बड स्वतः हजर नसलेले प्रसंगही सांगतो. त्यामुळे ‘हे याला कसं कळलं’ असं सुरुवातीला अडखळायला होतं. तिथे थांबू नका. काय घडलं ते माणसांकडून गोळा करून तो इतिहास लिहितोय असं धरून चाला.

१९८४चं तंत्रज्ञान डोक्यात बसवून घ्या. संगणक म्हणजे सगळ्या विद्यापीठाचा मिळून एक मोठा मेनफ्रेम, आणि लोक टर्मिनलवर बसून त्याचा वेळ वाटून घेतात. म्हणून त्यात शिरलेला ‘वर्म’ सगळ्यांचे गुण, पगार आणि नोंदी एकाच वेळी धोक्यात आणतो. ‘वर्म’ची कल्पना जॉन ब्रनरने १९७५ सालच्या कादंबरीत मांडली होती, आणि खऱ्या जाळ्यावर गाजलेला मॉरिस वर्म सुटला २ नोव्हेंबर १९८८ला. स्टीफन्सनची कादंबरी या दोहोंच्या मध्ये येते. विल्यम गिब्सनची ‘न्यूरोमॅन्सर’ही १९८४चीच, पण तसली झगमगीत संगणकसृष्टी इथे शोधू नका. इथला संगणक कार्यालयातल्या कपाटासारखा कंटाळवाणा आहे आणि तसाच असायला हवा. बोगद्यांतल्या खेळामागेही संदर्भ आहे. १९७९ साली मिशिगन स्टेट विद्यापीठातला एक मुलगा बेपत्ता झाला, त्याचा शोध वाफेच्या नळांच्या बोगद्यांत घेतला गेला, आणि वर्तमानपत्रांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळावर खापर फोडलं. त्या वेळच्या अमेरिकन वाचकाला हे सांगावं लागत नव्हतं.

कोकणातल्या वाचकाला खरी अडचण येते ती वेगळीच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. विद्यापीठ म्हणजे वेळापत्रक, हॉल तिकीट आणि उशिरा लागणारा निकाल. मुलं सकाळी एसटीचा पास दाखवून येतात आणि शेवटचं लेक्चर झालं की स्टँड गाठतात. दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि लोणेरं सोडलं तर विद्यापीठात राहणं हा अनुभवच आपल्याकडे कमी. त्यामुळे हे लोक उठून घरी का जात नाहीत असा प्रश्न वाचताना सारखा पडतो. गणपतीत कोकणकन्येच्या जनरल डब्यात ठाण्याला चढलेला माणूस जसा मध्येच कुठे उतरत नाही, तसे हे प्लेक्समध्ये आहेत: जागा धरून ठेवलीय, पैसे भरलेत आणि बाहेर त्यांच्यासाठी काही नाही. एवढं ध्यानात ठेवलंत की पुढची अर्धी अविश्वसनीयता गळून पडते.

वाचून झाल्यावर ‘अ‍ॅनाथेम’ पुन्हा चाळा. २००८ सालच्या त्या पुस्तकातले मठ म्हणजे पुन्हा भिंतीआड बंद केलेलं विद्यापीठच, दरवाजे १, १०, १०० आणि १००० वर्षांनी उघडणारं. ‘क्रिप्टोनॉमिकॉन’मध्ये रँडीच्या घरी प्राध्यापक मंडळी जेवायला येतात तो प्रसंग आठवत असेल. लॉरेन्स वॉटरहाऊसचा ऑर्गनही आठवत असेल. विद्यापीठ, ऑर्गन आणि यंत्रणा कुठे तुटते याचं वेड या माणसाला पहिल्या पुस्तकापासून आहे. सर म्हणतात, मग थेट शेवटचंच वाचावं. मी म्हणतो, ‘अ‍ॅनाथेम’मध्ये हे सगळं इतकं गुळगुळीत बसलंय की सांधा दिसत नाही. ‘द बिग यू’त सांधे उघडे आहेत, आणि आवडत्या लेखकाचे सांधे ज्याला बघायचे नाहीत त्याने तो आवडता असल्याचं सांगू नये.

आवृत्तीचं थोडक्यात. २००१ची ‘हार्पर पेरेनिअल’ पेपरबॅक घ्या, सुमारे ३०० पानांची आहे. १९८४ची प्रत संग्राहकांसाठी सोडून द्या. तो कागद आता पिवळा आणि ठिसूळ झालेला असणार आणि गुहागरच्या हवेत तो टिकणार नाही. जुनी प्रत मागवणार असाल तर विक्रेत्याकडून कण्याचा आणि मधल्या पानांचा फोटो मागा. गोंदाने चिकटवलेली पुस्तकं कण्यातच सुटतात. पावसाळ्यात मागवू नका. दमट पाकीट चार दिवस कुरिअरच्या गोणीत पडलं की बुरशी घरी येईपर्यंत सुरू झालेली असते. नाइलाज असेल तर आत प्लास्टिकचं आवरण घालायला सांगा. जुन्या पुस्तकातून कसर येते. प्रत आली की कोरडी असल्याची खात्री करून, हवाबंद पिशवीत घालून, फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांच्या आसपास दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. चिऱ्याच्या भिंतीला कपाट चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला निमित्त लागत नाही आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे ती त्याहून खूप वर असते. बुरशी दिसलीच तर तोंडाला फडकं बांधून, अंगणात, कोरड्या मऊ ब्रशने झाडा. ओल्या कापडाने पुसलं की डाग आत जातो. उन्हात उघडून वाळवलेलं पुस्तक पंख्यासारखं फुगतं आणि गोंद तडकतो, म्हणून सावलीत, वाऱ्यावर. ई-पुस्तकही मिळतं आणि नुसतं वाचायला ते पुरेसं आहे, फक्त कागदावर थर मांडताना मागची पानं सारखी चाळावी लागतात आणि तिथे छापील प्रत सोयीची पडते.

भाच्याचं. पहिल्या सत्रात देऊ नका. नव्या होस्टेलमध्ये झोप, जेवण आणि जोडीदार यांच्याशी जुळवून घेणाऱ्या मुलाला होस्टेल कोसळण्याची कादंबरी कशाला? त्याला आधी ‘झोडिअ‍ॅक’ द्या, १९८८ची, स्टीफन्सनचीच. बॉस्टनच्या बंदरात विषारी सांडपाणी कोण सोडतंय याचा रसायनशास्त्राच्या जोरावर पाठलाग करणारा नायक आहे, छोटी आणि वेगवान आहे. गुहागर-लोणेरं प्रवासात लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत वाटेतच लागते, तेव्हा त्याला विषय समजावून सांगावा लागणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. ‘द बिग यू’त मुलींवरच्या लैंगिक हल्ल्याचे प्रसंग आहेत. लेखक हल्लेखोरांच्या बाजूने नाही. सारा आणि तिची मैत्रीण हायसिंथ ही पुस्तकातली सर्वांत खंबीर माणसं आहेत. तरी काही ठिकाणी १९८४चा तरुण पुरुष ज्या सैलपणे लिहील तसं लिहिलंय आणि आज ते खुपतं. कॅम्पसवरच्या गोळीबाराचंही तसंच. तो लिहिला तेव्हा अतिशयोक्ती होती. २००७ साली व्हर्जिनिया टेक विद्यापीठात झालेल्या गोळीबारानंतर तो तसा वाचता येत नाही. सरांचा हा आक्षेप असता तर मी वाद घातला नसता.

भाचा दुसऱ्या वर्षाला गेला, होस्टेलचा मजला त्याच्या अंगवळणी पडला, की द्या. तुमचा कागद मात्र सोबत देऊ नका, तो त्याचा त्याने काढायचा.